नसण्याची नोंद : बंबलबी मोजणाऱ्या माणसांचा इतिहास

१९९८ च्या उन्हाळ्यात रॉबिन थॉर्प या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी एका माशीची मोजणी सुरू केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून ते तेव्हा निवृत्त झालेले होते. माशीचे नाव फ्रँकलिनची बंबलबी. दक्षिण ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरील सुमारे ३०० किलोमीटर लांब आणि ११० किलोमीटर रुंद अशा एका पट्ट्याबाहेर ती जगात कोठेही आढळत नसे. पहिल्या वर्षी थॉर्प यांना ९४ माश्या दिसल्या. १९९९ मध्ये २०, २००० मध्ये ९, २००१ मध्ये १. २००२ मध्ये आकडा पुन्हा २० वर गेला आणि २००३ मध्ये ३ वर आला. २००४ आणि २००५ या वर्षांपुढे शून्य आहे. ऑगस्ट २००६ मध्ये माउंट ॲशलंड या डोंगरावर एक कामकरी माशी दिसली. त्यानंतर तिची एकही खात्रीशीर नोंद झालेली नाही.

ही मोजणी दहा वर्षे उशिरा सुरू झाली असती, तर आपल्या हाती केवळ शून्यांचा एक स्तंभ उरला असता. ती माशी नाहीशी झाली, की मुळातच दुर्मीळ होती, की शोधणाऱ्याची नजर कमी पडली, हे त्या स्तंभावरून सांगता आले नसते. २००४ च्या शून्याला अर्थ आहे, कारण त्याच्या आधी ९४ आहे आणि दोन्ही वेळी शोधणारा माणूस, जागा व पद्धत तीच आहे. बंबलबी मोजण्याच्या कामात सामान्य माणसे कशी आली, याचा इतिहास वाचताना मला सतत हेच जाणवत राहिले. एखादी गोष्ट दिसल्याची नोंद कोणीही उत्साहाने करतो. न दिसल्याची विश्वासार्ह नोंद करणे अधिक कठीण असते, आणि त्यासाठी पुष्कळ माणसे लागतात.

प्रथम या माशीची ओळख करून घेऊ. बंबलबी ही मधमाशीची नातलग, पण अंगाने मोठी, गुबगुबीत आणि दाट केसांची. बॉम्बस या वंशात जगभर सुमारे २६० प्रजाती आहेत. उडण्यापूर्वी ती पंखांचे स्नायू थरथरवून स्वतःचे शरीर तापवते, त्यामुळे मधमाशी पोळ्यातून बाहेर पडत नाही अशा गारठ्यातही ती कामाला निघते. टोमॅटोसारख्या काही फुलांचे परागकोश टोकाच्या बारीक छिद्रातूनच पराग सोडतात. बंबलबी अशा फुलाला बिलगून विशिष्ट कंपनांनी ते हलवते आणि पराग झडतात. मधमाशीला हे जमत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात बंबलबी नाही. आपण ज्याला भुंगा म्हणतो तो लाकूड पोखरून घर करणारा, काळ्या चकचकीत पोटाचा कीटक झायलोकोपा या वेगळ्या वंशातील आहे. भारतातील सुमारे पन्नास प्रजाती हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत राहतात. त्यांच्याकडे आपण शेवटी वळू.

इतिहासाची सुरुवात मात्र इंग्लंडमधील एका बागेपासून करावी लागेल. सप्टेंबर १८५४ मध्ये केंट परगण्यातील डाउन या गावी चार्ल्स डार्विनच्या एका मुलाला काही बंबलबी एका उंच ॲश वृक्षाच्या बुंध्याशी येऊन क्षणभर घुटमळताना दिसल्या. डार्विनने पाहिले तेव्हा त्या नर माश्या असल्याचे लक्षात आले. त्या ठरावीक मार्गाने उडत होत्या आणि ठरावीक जागी थबकत होत्या. एका माणसाला वेगाने उडणाऱ्या माशीच्या मागे धावता येत नाही. म्हणून डार्विनने आपली मुलेच कामाला लावली. प्रत्येक थांब्यापाशी एक मूल उभे राही आणि माशी आली की ओरडून सांगे. माश्या ओळखता याव्यात म्हणून त्यांच्यावर पीठ भुरभुरले जाई. हे निरीक्षण पुढे काही वर्षे चालले. माश्यांची पिढी दरवर्षी बदलत असूनही थांबे बहुतेक तेच राहतात, याचे डार्विनला मोठे नवल वाटले. ही टिपणे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

१८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्येही डार्विन अशाच एका हौशी निरीक्षकावर विसंबला आहे. लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे परागण बंबलबी करतात, उंदीर त्यांची घरटी उद्ध्वस्त करतात आणि मांजरे उंदरांना आवर घालतात, ही त्याची साखळी प्रसिद्ध आहे. त्यातील घरट्यांविषयीची माहिती कर्नल न्यूमन नावाच्या गृहस्थांची होती. गावांजवळ, जेथे मांजरे अधिक, तेथे घरटी अधिक सापडतात, हे त्यांनी पाहिले होते. डार्विनने त्यांचे नाव पुस्तकात नोंदवले. निरीक्षण देणाऱ्याचे नाव जपण्याची ही रीत पुढच्या सर्व कामाला लागू पडावी अशी आहे.

क्लोव्हरच्या या गोष्टीला व्यावहारिक बाजूही होती. न्यूझीलंडमध्ये इंग्रज वसाहतकारांनी लाल क्लोव्हर पेरला, पण त्याचे बी नीट धरेना. तेव्हा १८८५ मध्ये इंग्लंडमधून बंबलबी जहाजाने नेऊन तेथे सोडण्यात आल्या. त्यांपैकी एका प्रजातीचे, आखूड केसांच्या बंबलबीचे, पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडमध्ये ती टिकली. मायदेशी ती १९८८ मध्ये केंटच्या किनाऱ्यावरील डंजनेस येथे शेवटची दिसली आणि २००० मध्ये ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. शेवटचे दर्शन आणि ही घोषणा यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. शून्यावर विश्वास ठेवायला एवढा काळ लागतो.

ब्रिटनला ही घोषणा करता आली, कारण तेथे नकाशे होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वनस्पतींच्या नकाशासंग्रहासाठी देशाची १० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागणी करून शेकडो हौशी अभ्यासकांनी चौकोन वाटून घेतले होते. १९६४ मध्ये मंक्स वुड येथे जैविक नोंदींचे केंद्र स्थापन झाले आणि १९७० च्या सुमारास हीच पद्धत बंबलबींसाठी वापरण्याचे ठरले. शिक्षक, मधपाळ, पाद्री, विद्यार्थी अशा नाना प्रकारच्या लोकांनी नोंदी पाठवल्या, जुन्या संग्रहालयांतील नमुनेही धुंडाळले गेले आणि १९८० मध्ये ब्रिटिश बेटांवरील बंबलबींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्या नोंदींचे विश्लेषण करून पॉल विल्यम्स यांनी १९८२ मध्ये दाखवले की, मध्य इंग्लंडच्या मोठ्या भूभागातून अनेक प्रजाती ओसरल्या असून तेथे केवळ काही सर्वसामान्य प्रजाती शिल्लक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर फुलांची कुरणे नांगरली गेली होती. त्याचा परिणाम या नकाशांमुळे प्रथमच चौकोनाचौकोनांत दिसू लागला.

तरीही या नकाशांत एक उणीव होती. चौकोनात ठिपका असेल तर माशी तेथे होती, हे निश्चित. ठिपका नसेल तर? माशी तेथे नसेल, किंवा कोणी पाहायला गेलेच नसेल. नकाशावर ही दोन कारणे सारखीच दिसतात.

येथे मी माझ्या विषयातील एक उदाहरण देतो. प्रोटॉन या कणाचा क्षय होत असावा, असे काही सिद्धान्त सांगतात. तो क्षय अद्याप कोणालाही दिसलेला नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत भारतीय आणि जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्याचा शोध घेतला. पुढे जपानमध्ये सुपर-कामिओकांडे येथे ५०,००० टन पाण्याच्या टाकीभोवती हजारो प्रकाशसंवेदक लावून तो शोध चालू राहिला. हाती शून्य आले. पण किती प्रोटॉन किती वर्षे न्याहाळले याचा चोख हिशेब असल्यामुळे, क्षयाच्या एका विशिष्ट प्रकारापुरते प्रोटॉनचे आयुर्मान १०³⁴ वर्षांहून अधिक असले पाहिजे, असे आपण म्हणू शकतो. किती पाहिले हे ठाऊक असेल तरच न दिसण्यातून ज्ञान मिळते.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा यामागचा एक सोपा नियम आहे. योग्य ऋतूत एकाच वाटेवर १०० फेऱ्या मारून एकही माशी दिसली नाही, तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते की, तेथे ती दिसण्याचे सरासरी प्रमाण १०० फेऱ्यांमागे ३ पेक्षा कमी आहे. ३ हा आकडा येतो कोठून? सरासरी ३ अपेक्षित असताना प्रत्यक्षात ० मिळण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, म्हणून. फेऱ्या १०० ऐवजी १० असतील तर हीच मर्यादा १० फेऱ्यांमागे ३ इतकी ढिली होते. आणि फेऱ्या किती झाल्या हेच ठाऊक नसेल, तर त्या शून्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती फुलपाखरांच्या अभ्यासातून आली. अर्नी पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात मंक्स वुड येथे एक साधी रीत बसवली : ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने, बऱ्या हवेत चालायचे आणि आपल्याभोवतीच्या ठरावीक अंतरात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजायची. १९७६ पासून ब्रिटनभर तिचा अवलंब झाला. बंबलबींच्या संवर्धनासाठी २००६ मध्ये डेव्ह गुल्सन यांनी स्थापन केलेल्या बंबलबी कॉन्झर्वेशन ट्रस्टने हीच रीत ‘बीवॉक’ या नावाने स्वीकारली. सहभागी माणूस एक-दोन किलोमीटरची वाट निवडतो. मार्च ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून एकदा त्याच वाटेने चालतो. आपल्याभोवती चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी एक पेटी आहे असे कल्पून तिच्यात येणाऱ्या बंबलबी तो मोजतो. काही दिसले नाही तर तेही लिहितो. वहीतील ती रिकामी ओळ जुन्या नकाशातील रिकाम्या चौकोनापेक्षा कितीतरी मोलाची असते.

अमेरिकेत हे काम मोठ्या निकडीने उभे राहिले. थॉर्प यांचे आकडे घसरत असतानाच इतर प्रजातींविषयीही शंका येऊ लागल्या होत्या. २०११ मध्ये सिडनी कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी आठ प्रजातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयांतील ७३,००० हून अधिक जुन्या नोंदी आणि देशभर नव्याने केलेले सर्वेक्षण यांची तुलना करून त्यांनी दाखवले की, चार प्रजातींचे इतरांच्या तुलनेतील प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत घटले आहे. संग्रहालयांतील त्या टाचण्यांना टोचलेल्या माश्यांपैकी कितीतरी जुन्या पिढ्यांतील हौशी संग्राहकांनी जमवलेल्या होत्या. आपला नमुना शंभर वर्षांनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

२०१४ मध्ये झर्सिस सोसायटी आणि अन्य संस्थांनी ‘बंबलबी वॉच’ हा उपक्रम सुरू केला. अमेरिका व कॅनडातील लोक आपल्या बागेतील माशीचे छायाचित्र पाठवतात आणि जाणकार ते तपासून प्रजाती निश्चित करतात. कामकरी माशीच्या पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली ‘रस्टी पॅच्ड’ बंबलबी एके काळी अमेरिकेच्या पूर्वार्धात सर्रास आढळत असे. २१ मार्च २०१७ पासून तिला तेथील संघराज्यीय कायद्यानुसार संकटग्रस्त प्रजातीचे संरक्षण मिळाले. असे संरक्षण मिळालेली ती अमेरिकेतील पहिली बंबलबी. फ्रँकलिनच्या बंबलबीला ते २०२१ मध्ये मिळाले, शेवटच्या दर्शनानंतर पंधरा वर्षांनी. थॉर्प २०१९ मध्ये निवर्तले होते.

आता एका आक्षेपाचा विचार करू. अप्रशिक्षित लोक चुका करतात, मग त्यांच्या नोंदींवर विज्ञान कसे उभारावे? प्रयोगशाळेतही चुका होतात, आणि त्या दोन जातींच्या असतात. यादृच्छिक चुका एकमेकींना छेद देतात. शंभर स्वतंत्र निरीक्षणांची सरासरी घेतली की त्या दहापटीने घटतात. दुसरी जात पद्धतशीर चुकांची. लोक रविवारी बाहेर पडतात, रस्त्यालगत फिरतात आणि ठसठशीत रंगांच्या माशीचेच छायाचित्र काढतात. अशी निरीक्षणे दहा लाख जमवली तरी हा कल नाहीसा होत नाही. उलट मोठ्या आकड्यामुळे चुकीच्या निष्कर्षावर खोटा विश्वास बसतो. पोलार्ड यांची ठरलेली वाट ही या दुसऱ्या जातीच्या चुकांना घातलेली वेसण आहे.

ओळख पटवण्याच्या चुकांवरही प्रामाणिक तोडगा निघाला. ब्रिटनमधील दोन अगदी सामान्य बंबलबींच्या कामकरी माश्या बाह्य रूपावरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. बीवॉकमध्ये त्या एकाच जोडनावाखाली नोंदवण्याची मुभा आहे. ठाऊक नाही तेथे ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर हौशी माणसाची वही आणि संशोधकाची वही यांत फारसा फरक उरत नाही.

आता आपल्या हिमालयाकडे पाहू. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेरेमी कर आणि सहकाऱ्यांचा एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. ११० वर्षांतील सुमारे ४,२३,००० नोंदी आणि ६७ प्रजाती यांवर तो आधारलेला होता. हवामान तापत असताना बंबलबींच्या वावराच्या दक्षिण सीमा सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत आत सरकल्या, परंतु उत्तर सीमा मात्र त्या प्रमाणात पुढे गेल्या नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे माशीचा प्रदेश एका बाजूने आक्रसला आणि दुसऱ्या बाजूने वाढला नाही. हा निष्कर्ष युरोप आणि उत्तर अमेरिका या दोनच खंडांविषयी आहे. हिमालय त्या नकाशात नाही, कारण असे काही तपासता येईल एवढ्या नोंदी तेथून उपलब्ध नव्हत्या.

आपल्याकडे अभ्यास झालेलाच नाही, असे नव्हे. चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये ब्रिटिश भारतातील माश्या व गांधीलमाश्या यांच्यावरील ग्रंथात बंबलबींचे वर्णन केले. ब्रिटनचे नकाशे अभ्यासणाऱ्या त्याच पॉल विल्यम्स यांनी १९९१ मध्ये काश्मीर हिमालयातील बंबलबींवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी काश्मीरपासून ईशान्येपर्यंतच्या प्रजातींची सूची सिद्ध केली. सिक्कीममधील मोठ्या वेलचीचे परागण मुख्यतः बंबलबी करतात, हेही अभ्यासले गेले. त्या वेलचीवर डोंगरातील अनेक कुटुंबांचा संसार चालतो. तेव्हा कोणती प्रजाती कोठे आढळली, हे आपल्याला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. त्याच वाटेवर, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे मोजलेले आकडे मात्र आपल्यापाशी नाहीत. थॉर्प यांच्या ९४ ला जोड देईल असा आकडा आपण लिहून ठेवलेला नाही.

तो लिहिण्याची क्षमता या देशात आहे, याचा पुरावा पक्ष्यांनी दिला आहे. मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी स्थापन केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८६ पासून आपल्या नियतकालिकात हौशी निरीक्षकांच्या टिपणांना सन्मानाचे स्थान दिले. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या जवळजवळ ३ कोटी नोंदींवरून ९४२ प्रजातींच्या स्थितीचा अंदाज मांडला आहे. त्यातील कळीचा भाग म्हणजे ‘पूर्ण यादी’. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिला आहे का, असे निरीक्षकाला विचारले जाते. उत्तर होय असेल, तर यादीत नसलेला पक्षी हीसुद्धा माहिती ठरते. भारतातील हजारो शिक्षक, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी, कदाचित त्या नावाने न ओळखताही, शून्याची नोंद करीत आली आहेत.

बंबलबींसाठी हे काम अधिक अवघड आहे, हे मान्य करायला हवे. एकाच खोऱ्यात राहणाऱ्या वेगवेगळ्या प्रजातींनी अनेकदा सारखेच रंग धारण केलेले असतात, आणि छायाचित्रावरून प्रजाती सांगणे पुष्कळदा अशक्य असते. म्हणून आरंभी प्रजातीचा आग्रह सोडून रंगगटांची मोजणी करावी आणि प्रत्येक खोऱ्यातील थोडे नमुने तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. हिमाचलातील एखादी शाळा, काश्मीरमधील एखादे महाविद्यालय, सिक्कीममधील वेलची पिकवणारे एखादे गाव यांनी एक किलोमीटरची वाट ठरवून एप्रिल ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा चालावे. खर्च जवळजवळ नाही. सातत्य मात्र हवे. हे काम तेथील रहिवाशांचेच आहे, आणि त्यांची नावे नोंदींसोबत राहिली पाहिजेत.

आपल्यापैकी जे उन्हाळ्यात पदभ्रमणासाठी हिमालयात जातात, त्यांनाही थोडा हातभार लावता येईल. फुलांवर केसाळ, गुबगुबीत माशी दिसली तर वरून आणि बाजूने अशी दोन छायाचित्रे काढा. तारीख, वेळ, ठिकाण व उंची लिहा आणि ती नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर ठेवा. फुलांनी भरलेल्या कुरणात तासभर पाहूनही एकही दिसली नाही, तर तेही आपल्या वहीत तारखेसह आणि वेळेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच कुरणात जाणाऱ्याला ती वही दाखवा.